विद्यापीठाचे शिल्पकार कै. डॉ. आप्पासाहेब पवार

आपले कडेगाव खानापूर तालुक्यात मोडत असता, येथील मुलास पदवी घ्यावयाची म्हणजे पुणे विद्यापीठाकडे पाहावे लागे. ही अडचण १८ नोव्हेंबर १९६२ रोजी दूर झाली. त्या दिवशी राष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन यांच्या हस्ते कोल्हापूर येथे शिवाजी विद्यापीठाचे उद्घाटन झाले आणि पहिल्या कुलगुरुपदाची धुरा डॉ. आप्पासाहेब पवार यांजकडे आली.

आप्पासाहेबांचा जन्म १९०६ सालचा. इतिहास हा त्यांच्या व्यासंगाचा विषय. लंडन येथे उच्च शिक्षण घेऊन ते परतले आणि पुढे कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. अध्यापन व कारभार या दोन्ही अंगांचा हा अनुभव पुढे फार उपयोगी पडला.

आरंभी विद्यापीठास ३४ महाविद्यालये संलग्न होती व विद्यार्थी सुमारे १४ हजार होते. सागरमाळाची ८५३ एकर जागा मिळाली, परंतु ती उजाड होती. तेथे इमारती, ग्रंथालय, पदव्युत्तर विभाग उभे करावयाचे, झाडे जगवावयाची आणि जिल्ह्याजिल्ह्यांतील परीक्षाही वेळेवर पार पाडावयाच्या, हे काम आप्पासाहेबांनी १९७० पर्यंत अखंड आठ वर्षे केले.

तथापि आम्हांस त्यांची थोरवी दिसते ती ‘कमवा व शिका’ योजनेत. कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात रुजविलेला हा विचार त्यांनी विद्यापीठात आणला. विद्यार्थ्याने रोज काही तास काम करावे आणि त्यावर आपले शिक्षण निभवावे, अशी ही सोय होय. त्यात कमीपणा नाही, स्वाभिमान आहे.

येथे स्वतःविषयी दोन शब्द लिहितो. आम्ही मॅट्रिक झालो तेव्हा विद्यापीठास दशकाहून अधिक काळ लोटला होता. घरची ओढगस्त पाहून आम्ही पुढील शिक्षणाचा विचार सोडला व शिक्षकी पेशा पत्करला. कोल्हापुरात अशी सोय आहे, हे आम्हांस कोणी सांगितले नाही आणि आम्हीही कोणास विचारले नाही. ही खंत आजही आहे.

निवृत्तीनंतरही आप्पासाहेब स्वस्थ बसले नाहीत. ताराबाईकालीन कागदपत्रांचे आणि राजर्षी शाहू छत्रपतींच्या कागदपत्रांचे संपादन ही त्यांची मोलाची इतिहाससेवा होय. १९८१ साली त्यांचे देहावसान झाले. विद्यापीठातील कमवा व शिका विद्यार्थी भवनास त्यांचे नाव आहे.

ज्ञातिबांधवांस व भगिनींस एवढीच विनंती, की गुणगौरव समारंभात मुलामुलींच्या हाती प्रशस्तिपत्र देताना या सोयीची माहितीही द्यावी. केवळ माहितीअभावी आपल्या एकाही घरातील शिक्षण थांबू नये.