विश्लेषण : पुरळ गेले, तरी लघवीची तपासणी का? डॉ. हेनॉक यांनी शतकापूर्वी ओळखलेला धोका

लहान मुलाच्या पायांवर व कुल्ल्यांवर जांभळट-लाल पुरळ उठते. ते दाबल्यावर फिके पडत नाही. सोबत पोट आणि सांधे दुखतात. बहुतेक मुले काही आठवड्यांत बरी होतात. काहींच्या मूत्रपिंडाला मात्र इजा होते. या आजाराशी जर्मन बालरोगतज्ज्ञ एडुआर्ड हेनॉक यांचे नाव कायमचे जोडले गेले आहे.

हेनॉक कोण होते?

हेनॉक यांचा जन्म १६ जून १८२० रोजी बर्लिनमधील ज्यू कुटुंबात झाला. १८४३ मध्ये बर्लिनमध्येच वैद्यकीय पदवी घेऊन ते मुलांच्या आजारांकडे वळले. बालरोग ही तेव्हा नुकतीच आकार घेणारी शाखा होती. १८७२ ते १८९३ या काळात त्यांनी बर्लिनच्या शारिटे रुग्णालयातील बालविभाग सांभाळला. बालरोगांवरील त्यांची व्याख्याने १८८१ मध्ये पुस्तकरूपात आली.

त्यांनी नेमके काय शोधले?

त्यांचे गुरू योहान शेनलाइन यांनी १८३७ मध्ये पुरळ आणि सांधेदुखीचा संबंध दाखवला होता. हेनॉक यांनी १८७४ मध्ये त्यात पोटदुखी, उलट्या आणि शौचातून रक्त जाणे यांची भर घातली. पुढे मूत्रपिंडालाही सूज येऊ शकते, हे त्यांनी नोंदवले. त्वचा, सांधे, पोट, मूत्रपिंड या वेगवेगळ्या तक्रारी नसून एकच आजार आहे, हे त्यामुळे स्पष्ट झाले. हेनॉक १९१० मध्ये ९० व्या वर्षी ड्रेसडेन येथे निवर्तले.

आजाराचे कारण केव्हा कळले?

१९६० च्या दशकाच्या अखेरीस फ्रान्सचे डॉ. झाँ बर्जे यांना अशा रुग्णांच्या मूत्रपिंडात आयजीए या प्रतिपिंडाचे थर आढळले. हे प्रतिपिंड लहान रक्तवाहिन्यांत साचते आणि तेथे दाह होतो. म्हणून २०१२ पासून आजाराचे अधिकृत नाव आयजीए व्हॅस्क्युलायटिस झाले.

रक्ततपासणीतून काय समजते?

क्रिएटिनिन वाढले, तर मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता घटल्याचे कळते. अल्ब्युमिन घटले, तर लघवीवाटे प्रथिने जात असल्याची शंका येते. न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींचे गुणोत्तर, डी-डायमर आणि सदोष आयजीए यांवरून गंभीर इजेचा अंदाज बांधता येईल का, यावर संशोधन सुरू आहे. पण यांपैकी एकाही आकड्यावर एकट्याने विसंबता येत नाही. क्रिएटिनिन सामान्य असतानाही मूत्रपिंडात दाह असू शकतो. लघवीतून बरीच प्रथिने जात राहिली, तर सुईने मूत्रपिंडाचा छोटा तुकडा काढून तपासतात. इजेची तीव्रता त्यातूनच नेमकी कळते.

पालकांनी काय लक्षात ठेवावे?

मूत्रपिंडाचा त्रास बहुतांश मुलांत पहिल्या चार ते सहा आठवड्यांत दिसतो, काहींत उशिरा. तो सुरुवातीला दुखत नाही. त्यामुळे पुरळ गेल्यावरही साधारण सहा महिने डॉक्टरांच्या सल्ल्याने लघवी आणि रक्तदाब तपासत राहावा. लघवी लालसर किंवा चहाच्या रंगाची झाली, फेसाळ झाली वा चेहऱ्यावर सूज आली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना गाठावे.