हॉट योगाच्या क्लासमधले सूर्यनमस्कार लंडनपर्यंत नेणारा राजा साताऱ्याच्या औंधचा होता

दिवाळीचा फराळ संपत नाही तोवर लग्नसराई सुरू होते. लग्नं आटपतायत तोवर थर्टी फर्स्ट येतो. या दोन महिन्यांत व्यायामाचं काय होतं, ते सगळ्यांना माहितीय. एक जानेवारीपासून नक्की, असं म्हणत वजनाचा काटा पुढे सरकतो. मग कुणी जिमची वर्षाची फी भरतं, तर कुणी हॉट योगाचा क्लास लावतं.

हॉट योगा म्हणजे खोली तापवून केलेला योगा. कलकत्त्याच्या बिक्रम चौधरींनी तो अमेरिकेत लोकप्रिय केला. चाळीस अंशांच्या आसपास तापवलेल्या खोलीत दीड तास २६ आसनं, असा तो प्रकार. त्यांच्या मूळ मालिकेत सूर्यनमस्कार नव्हते. पण पुढे हॉट योगाचे जे वेगवेगळे प्रकार निघाले, त्यातल्या बऱ्याच क्लासची सुरुवात आज सूर्यनमस्कारानेच होते.

आता गंमत बघा. शंभर वर्षांपूर्वी सूर्यनमस्काराला योगासनांमध्ये धरतच नव्हते. तो होता तालमीतला आणि देवघरातला व्यायाम. तो शाळेच्या मैदानात आणि तिथून थेट लंडनच्या वर्तमानपत्रात नेणाऱ्या माणसांमध्ये पहिलं नाव येतं ते सातारा जिल्ह्यातल्या औंधच्या राजाचं.

त्यांचं नाव भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी. लोक त्यांना बाळासाहेब म्हणायचे.

छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात प्रतिनिधी हे पद तयार झालं आणि पुढे ते परशुराम त्रिंबक यांच्या घराण्याकडे आलं. त्याच घराण्याचं हे औंध संस्थान. संस्थान म्हटलं की डोळ्यांसमोर मोठा मुलूख येतो, पण औंध अगदीच लहान होतं. सगळी मिळून ७२ गावं, तीही सलग नाहीत. औंध आजच्या सातारा जिल्ह्यात, आटपाडी आणि कुंडल आजच्या सांगलीत, तर एक तुकडा थेट विजापूरकडे. बराचसा मुलूख दुष्काळी.

भवानरावांचा जन्म २४ ऑक्टोबर १८६८ चा. साताऱ्यात शाळा झाली, पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून ते बी. ए. झाले. संस्थानिकांच्या घरात पदवीपर्यंत शिकलेला माणूस त्या काळी विरळाच. ते चित्रं काढायचे, कीर्तन करायचे. आणि त्यांना व्यायामाचा नाद होता.

त्या वेळी जगभर एका माणसाची हवा होती, युजीन सँडो. पिळदार शरीराचा हा पैलवान पुस्तकं लिहायचा आणि व्यायामाची साधनंही विकायचा. आज कुणी इन्फ्लुएन्सरचं बघून डंबेल्स मागवावेत, तसं तेव्हा हिंदुस्थानातले सुशिक्षित तरुण सँडोची साधनं मागवायचे. भवानरावांनीही १८९७ मध्ये ती मागवली आणि पुढची दहा वर्षं त्या पद्धतीने नेमाने व्यायाम केला.

मग १९०८ च्या सुमारास त्यांनी रस्ता बदलला, आणि त्याला कारण झाले शेजारच्या मिरज संस्थानचे राजे गंगाधरराव पटवर्धन. ते लहानपणापासून सूर्यनमस्कार घालायचे. त्यांच्या सांगण्यावरून भवानरावांनी डंबेल्स बाजूला ठेवले आणि नमस्कार सुरू केले, ते कायमचेच.

सूर्यनमस्कार त्यांनी शोधून काढले असं मात्र नाही. साताऱ्याच्या मातीत ते आधीपासून होतेच. समर्थ रामदास रोज शेकड्यांनी नमस्कार घालायचे, असं परंपरा सांगते, आणि समर्थांचा सज्जनगड साताऱ्याजवळच आहे. भवानरावांनी काय केलं, तर त्याला शिस्त लावली. दहा स्थिती ठरवल्या. कुठे श्वास घ्यायचा, कुठे रोखायचा, कुठे सोडायचा ते ठरवलं. बीजमंत्र आणि सूर्याची नावं यांची सांगड घातली. कुणीही पुस्तक उघडावं आणि घरच्या घरी शिकावं, इतकं ते सोपं करून ठेवलं.

त्यामागचा हिशेब साधा होता. साधनं लागत नाहीत, पैसे लागत नाहीत, जोडीदार लागत नाही. सतरंजी पसरण्याएवढी जागा मिळाली की झालं. कंबर, पाठ, खांदे, गुडघे, पोट, सगळ्यांना एकाच व्यायामात काम मिळतं आणि दम वाढतो. ज्या संस्थानात दर दोन-चार वर्षांनी पाऊस दगा देतो, तिथल्या शेतकऱ्याच्या पोराला डंबेल्स कुठून परवडणार? नमस्कार मात्र त्यालाही परवडणारे होते.

४ नोव्हेंबर १९०९ ला भवानराव औंधच्या गादीवर बसले. तेव्हा ते ४१ वर्षांचे होते. आणि मग राजाचा छंद संस्थानाचा नियम झाला. औंधच्या शाळांमध्ये सूर्यनमस्कार सक्तीचे झाले, मुलांना आणि मुलींनाही. ग. दि. माडगूळकर, शंकरराव खरात ही मंडळी याच संस्थानच्या शाळांमध्ये शिकली.

राजे नुसता हुकूम काढून थांबले नाहीत. ते स्वतः रोज नमस्कार घालायचे, राणीसाहेबही घालायच्या. बाईमाणसांनी व्यायाम करायचा ही कल्पनाच तेव्हा अनेकांना पटणारी नव्हती. १९२८ मध्ये त्यांचं सूर्यनमस्कारांवरचं इंग्रजी पुस्तक आलं. त्यात व्यायामाच्या जोडीने आहारावरही भर होता. पॉलिश न केलेला तांदूळ, कोंड्यासकट पीठ, मोड आलेली कडधान्यं, कच्च्या भाज्या. आज डाएटिशियन फी घेऊन सांगतात, त्यातलं बरंचसं त्यात सापडतं.

पण प्रत्येक आजारावर नमस्कार हेच औषध म्हटलं की लोक हसणारच. महाराष्ट्रात नमस्कारांचं हे वेड इतकं पसरलं की आचार्य अत्र्यांनी त्यावर नाटकच लिहिलं. १९३३ मध्ये आलेल्या साष्टांग नमस्कार या नाटकात सगळ्यांच्या मागे नमस्कारांचा लकडा लावणारे एक रावबहादूर आहेत. मराठी प्रेक्षक पोट धरून हसले. हसण्यासारखं त्यात होतंही. सूर्यनमस्काराने तब्येत सुधारते हे खरं, पण सगळे रोग बरे होतात हा दावा तेव्हाही जास्तीचा होता आणि आजही आहे.

नाटक गाजलं, पण भवानरावांचे नमस्कार काही थांबले नाहीत.

१९३६ मध्ये ते युरोपच्या दौऱ्यावर गेले. तेव्हा त्यांचं वय ६७ होतं. लंडनमध्ये न्यूज क्रॉनिकल या वर्तमानपत्राच्या पत्रकार लुईस मॉर्गन त्यांना भेटल्या. सत्तरीकडे झुकलेला हा राजा तरुणासारखा ताठ चालतो, हे बघून त्यांनी सूर्यनमस्कारांवर लिहिलं. पुढे १९३८ मध्ये त्यांनीच संपादित केलेलं राजाचं पुस्तक लंडनमध्ये छापून आलं. दहा स्थितींवरून त्याचं नाव होतं द टेन-पॉइंट वे टू हेल्थ. इंग्लंडमधल्या घराघरातल्या वाचकांसाठी सूर्यनमस्कार समजावून सांगणारं हे सुरुवातीच्या पुस्तकांपैकी एक.

इकडे त्याच सुमारास म्हैसूरच्या राजवाड्यात कृष्णम्माचार्य योग शिकवत होते. तिथे सूर्यनमस्कारांचे वर्ग वेगळे आणि योगाचे वेगळे भरायचे. पण हळूहळू दोन्ही जवळ आले. कृष्णम्माचार्यांचे शिष्य पट्टाभी जोइस यांच्या अष्टांग योगाची सुरुवात सूर्यनमस्कारानेच होते. तोच योग पुढे अमेरिकेत गेला, त्यातून पॉवर योगा आणि विन्यासा योगा निघाले आणि कुणीतरी त्या खोलीतला हीटर चालू केला. औंधच्या राजाने एकट्याने हे सगळं घडवलं असं नाही, पण नमस्काराला जगापुढे आणण्यात त्यांचा वाटा मोठा होता.

हीटरवरून एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. तापलेल्या खोलीत घाम जास्त येतो, पण घामातून जातं ते पाणी, चरबी नाही. क्लासनंतर काट्यावर कमी दिसलेलं वजन पाणी प्यायलं की परत येतं. बीपी किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय अशा खोलीत जाऊ नये. भवानरावांच्या पद्धतीत उष्णता बाहेरून आणायची नव्हती, ती नमस्कार घालता घालता अंगातच तयार व्हायची.

आता या माणसाची दुसरी बाजू. लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगावातून कारखाना हलवावा लागला, तेव्हा १९१० मध्ये कुंडलजवळचा माळ त्यांना देणारे हेच राजे. त्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती हाती घेतली, तेव्हा एक लाख रुपयांची मदत देणारेही हेच. १९३५ मध्ये इंदूरच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. १९३८ मध्ये औंधला यमाईच्या डोंगरावर त्यांनी संग्रहालय उभारलं. तिथे राजा रविवर्म्याची चित्रं आहेत आणि हेन्री मूरचं शिल्पही आहे.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे जानेवारी १९३९ मध्ये या राजाने आपली सत्ता सोडून दिली. महात्मा गांधींचा सल्ला, मुलगा अप्पा पंत यांचा आग्रह आणि मॉरिस फ्रीडमन या पोलंडच्या इंजिनिअरची मदत, यातून औंधची राज्यघटना तयार झाली. कारभार निवडून आलेल्या ग्रामपंचायतींच्या हाती गेला. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत सुरू झाली. दो आंखें बारह हाथ हा व्ही. शांताराम यांचा सिनेमा तिच्यावरूनच सुचला.

म्हणजे शाळेतल्या पोराला नमस्काराची सक्ती करणारा राजा स्वतःची सत्ता मात्र खुशीने सोडून मोकळा झाला. हे कोडं वाटतं, पण त्याच्या दृष्टीने यात विसंगती नव्हती. ज्या रयतेने उद्या राज्य चालवायचं, ती आधी धडधाकट हवी आणि तिला रोजच्या शिस्तीची सवय हवी, असा तो विचार होता.

८ मार्च १९४८ ला औंध संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. गादी गेली. १३ एप्रिल १९५१ ला वयाच्या ८२ व्या वर्षी भवानराव गेले.

आज रथसप्तमीला महाराष्ट्रातल्या कितीतरी शाळांच्या मैदानावर मुलं रांगेत उभी राहून सूर्यनमस्कार घालतात. भवानरावांचा आग्रह मात्र रथसप्तमीचा नव्हता, रोजचा होता. त्यात दिवाळीतली सकाळही आली आणि थर्टी फर्स्टच्या दुसऱ्या दिवशीचीही. त्यासाठी एक जानेवारीची वाट बघायची गरज नाही. सतरंजी घरातच असते.