मागून आलेल्या पेशंटला आधी आत का घेतात? उत्तर नेपोलियनच्या डॉक्टरकडे आहे

कॅज्युअल्टीत तुम्ही तासभर बसून आहात आणि मागून आलेल्या पेशंटला थेट आत नेतात. राग येतो ना? पण याला 'ट्रायाज' म्हणतात. ज्याच्या जिवाला धोका जास्त, तो पहिला. हा शब्द नंतर रूढ झाला, पण ही पद्धत रणांगणावर रुजवली ती दॉमिनिक जाँ लारे या फ्रेंच सर्जनने.

१७६६ मध्ये पिरेनीज पर्वतातल्या एका खेड्यात जन्म. वडील लहानपणीच गेले. तुलूझमधल्या सर्जन काकांकडे ते शिकले. १७९२ मध्ये सैन्यात गेले, तेव्हा नियम असा होता की जखमींच्या गाड्यांनी सैन्याच्या काही मैल मागे थांबायचं. लढाई संपेपर्यंत जखमी तिथेच पडून. अनेक जण वाट बघतच मरायचे.

लारेंनी घोड्यांच्या हलक्या, वेगवान गाड्या बनवल्या आणि लढाई चालू असतानाच त्या आत घातल्या. १०८ वर फोन केल्यावर आपल्याकडे येते त्या गाडीची ही पणजीच म्हणा. इजिप्तमध्ये घोड्यांऐवजी उंट वापरले. उपचाराचा क्रम ठरायचा तो जखमेवरून. हुद्दा बघायचा नाही, शत्रूचा सैनिक असला तरी तोच नियम. सम्राटाच्या सैन्यात अधिकाऱ्याला थांबायला सांगणं किती अवघड असेल, विचार करा!

१८१२ मध्ये बोरोदिनोच्या लढाईत त्यांनी २४ तासांत सुमारे २०० जणांचे हातपाय कापले. तेव्हा भूल नव्हती. ऐकायला भयंकर वाटतं, पण जखम सडण्याआधी अवयव काढला तर माणूस वाचण्याची शक्यता जास्त, हे त्यांनी अनुभवातून ओळखलं होतं.

मला सगळ्यात भारी वाटतो तो १८१३ चा प्रसंग. हाताला जखमा असलेल्या शेकडो तरुण सैनिकांवर, लढाई टाळायला स्वतःच गोळी मारून घेतल्याचा आरोप झाला. शिक्षा मृत्यूची. लारेंनी सहकाऱ्यांसह अडीच हजारांहून जास्त जणांना तपासलं आणि आरोप सिद्ध होत नाही असा अहवाल थेट नेपोलियनला दिला. नेपोलियन आधी भडकला, मग त्यानेच त्यांना इनाम दिलं.

वॉटर्लूत ते प्रशियन सैन्याच्या हाती लागले. गोळी घालायचं ठरलं होतं, पण एका प्रशियन सर्जनने त्यांना ओळखलं. सेनापती ब्लूखरच्या मुलाचा जीव लारेंनीच पूर्वी वाचवला होता. सुटका झाली.

१८४२ मध्ये, पत्नी शार्लोत गेल्यानंतर काही दिवसांतच, लियाँमध्ये त्यांचं निधन झालं. दीडशे वर्षांनी, १९९२ मध्ये, त्यांचे अवशेष पॅरिसच्या ॲव्हालिदमध्ये नेले गेले. नेपोलियनची समाधीही तिथेच आहे.