भिंगाचा गणिती जोसेफ पेट्झवल

जोसेफ पेट्झवल यांचा जन्म ६ जानेवारी १८०७ रोजी तत्कालीन हंगेरीच्या राज्यातील व आजच्या स्लोव्हाकियातील स्पिश्स्का बेला या गावी एका शिक्षकाच्या घरी झाला. पेस्ट येथे शिक्षण घेऊन त्यांनी नगर-अभियंत्याचे काम पाहिले आणि १८३७ साली ते व्हिएन्ना विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक झाले.

१८३९ साली पॅरिसमध्ये दागेर यांची छायाचित्रणाची कृती प्रसिद्ध झाली. परंतु त्या वेळच्या भिंगांतून प्रकाश इतका थोडा येई की, माणसाला उन्हात कित्येक मिनिटे निश्चल बसावे लागे. हा प्रश्न पेट्झवल यांनी गणिताने सोडविण्याचे मनावर घेतले. आकडेमोडीसाठी आर्चड्यूक लुडविग यांनी तोफखान्यातील गणनकुशल सैनिक त्यांच्या दिमतीस दिले. १८४० साली चार काचांचे भिंग सिद्ध झाले. पूर्वीच्या भिंगाच्या सुमारे सोळापट प्रकाश ते आत घेई. मिनिटांचे काम सेकंदांवर आले आणि जिवंत माणसाची मुद्रा टिपणे सुकर झाले.

हे भिंग व्हिएन्नाचे कारखानदार फोइग्टलेंडर यांनी घडविले. पेट्झवल यांना एकदाच २००० गुल्डन मिळाले. हक्कांची नीट लिखापढी मात्र झाली नव्हती. पुढे दोघांत वितुष्ट आले. फोइग्टलेंडर यांनी १८४९ साली ब्राउनश्वाइग येथे कारखाना काढला व १८६२ पर्यंत त्यांची १०,००० भिंगे तयार झाली. इकडे १८५९ साली पेट्झवल यांच्या घरी चोरी होऊन प्रकाशशास्त्रावरील त्यांची हस्तलिखिते नष्ट झाली. त्यानंतर त्यांचे मन त्या विषयातून उडाले. १८७७ साली ते निवृत्त झाले आणि १८९१ साली व्हिएन्ना येथे निवर्तले.

तथापि त्यांची कृती निवर्तली नाही. भात्याच्या मोठ्या कॅमेऱ्यात आठ बाय दहा इंची फिल्मचा ताव घालून छायाचित्रे घेणारे हौशी आजही ती जुनी पितळी भिंगे शोधून आणतात. या भिंगाने उमटणारे चित्र सपाट पृष्ठावर नव्हे, तर वक्र पृष्ठावर नेमके पडते. त्यामुळे मधला चेहरा रेखीव उमटतो व कडेची पार्श्वभूमी विरघळून जाते. लहान भिंगाचे चित्र मोठ्या तावाच्या कोपऱ्यांपर्यंत पोहोचत नाही, म्हणून तावाच्या मानाने मोठे भिंग निवडावे लागते. त्यात शटर नसते. टोपी काढून पुन्हा लावणे हाच जुना शिरस्ता. मात्र आजची फिल्म जुन्या काचपट्ट्यांहून कितीतरी तरल असल्याने भर उजेडात टोपीने भागत नाही. भिंगापुढे किंवा मागे निराळे शटर बसवावे लागते. शास्त्रदृष्ट्या जो दोष, तोच आज कलावंताला गुण वाटतो.

आपल्या ज्ञातिबांधवांच्या घरांतून आज अनेक मुले-मुली शास्त्र व यंत्रविद्या शिकत आहेत. पेट्झवल यांची चिकाटी त्यांनी अवश्य घ्यावी. परंतु आपल्या बुद्धीचे फळ दुसऱ्याच्या हाती देण्यापूर्वी कागदावर चार ओळी लिहून घेण्यासही विसरू नये.