दुर्गा खोटे

आपल्या कोल्हापुरात १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ हा मराठीतला पहिला बोलपट तयार झाला. त्यातली तारामती म्हणजे दुर्गा खोटे. त्यांचा जन्म १९०५ चा. माहेर श्रीमंत, शिक्षण कॉलेजपर्यंत. पण सासरी पैशाची अडचण आली, पदरात दोन मुलं. तेव्हा चांगल्या घरच्या बायका सिनेमात गेल्या की लोक नावं ठेवत. तरी त्या गेल्या.

‘अमरज्योती’त (१९३६) पोटच्या मुलाचा ताबा मिळत नाही म्हणून त्या समुद्रावरच्या चाच्यांची राणी होतात! मला हे काम फार आवडलं. ‘मुघल-ए-आझम’मधल्या जोधाबाई त्याच. १९८३ चा फाळके पुरस्कार त्यांना मिळाला. १९९१ मध्ये त्या वारल्या. दूरदर्शनवरची ‘वागळे की दुनिया’ ही मालिका त्यांच्याच संस्थेनं काढली होती. पालकांनी ती पाहिली असेलच.