वरची ओळ

परवा दसऱ्याची फुलं आणायला पहाटेच मार्केट यार्डात गेले होते. तिथे झेंडूच्या ढिगाशेजारी गजरे करत बसलेल्या एक ताई भेटल्या. त्यांना कुठेतरी अर्ज द्यायचा होता. काय मागायचं, का मागायचं, सगळं तोंडपाठ. पण कागद कोरा! साहेबांना सुरुवातीला काय म्हणायचं, खाली सहीच्या वर काय लिहायचं, तिथेच घोडं अडलेलं. फुलांच्या त्या वासात मला सावित्रीबाई फुले आठवल्या.

मैत्रिणींनो, सावित्रीबाई म्हटलं की १८४८ सालची भिडे वाड्यातली शाळा आठवते, अंगावर झेललेलं शेण आठवतं. ते आठवायलाच हवं. पण त्या कविता करत, पत्रं लिहीत, हे आपण हळदीकुंकवाच्या भाषणात क्वचितच सांगतो.

३ जानेवारी १८३१ ला सातारा जिल्ह्यातल्या नायगावात त्यांचा जन्म. १८४० मध्ये लग्न होऊन आल्या तेव्हा लिहिता-वाचता येत नव्हतं. जोतीरावांनी शिकवलं, मग त्यांनी शिक्षिकेचं रीतसर शिक्षण घेतलं. आणि १८५४ मध्ये, अवघ्या तेविसाव्या वर्षी, 'काव्यफुले' हा कवितासंग्रह! फुलांच्या धंद्यावरून आडनाव पडलेल्या घरची ही सून. पिवळा चाफा, जाई, गुलाब यांच्यावर तिने कविता केल्या. पण मला जास्त नवल वाटतं ते तिच्या घाटांचं. स्तोत्र आपण देवाचं म्हणतो. सावित्रीबाईंनी ते बळीराजाचं रचलं. संवाद आपण पोथीत ऐकतो. त्यांनी नवरा-बायकोला एकमेकांशी पद्यात बोलायला लावलं. भांडी जुनीच, आतलं अन्न नवं.

पत्रांतही तेच. त्यांची जोतीरावांना लिहिलेली तीन पत्रं प्रसिद्ध आहेत. सुरुवात अगदी रीतीप्रमाणे, नवऱ्याला शिरसाष्टांग नमस्काराने. वरची ओळ वाचून वाटावं, पुढे तब्येतीची खुशाली असेल. ती असतेही. १८५६ चं पत्र आजारपणात माहेरून लिहिलेलं. पण थोड्याच ओळींत विषय बदलतो. भावाने जातीच्या रूढी सोडल्याबद्दल बोल लावला, त्याला आपण काय उत्तर दिलं ते त्या सांगतात. माहेरी आजारी पडून भावाशी वाद घालायचा, तोही त्याचा मान राखून! ज्यांना माहेर आहे त्यांना हे किती कठीण ते कळेल.

१८६८ च्या पत्रात तर गावकरी एका ब्राह्मण मुलाला आणि त्याच्यापासून दिवस गेलेल्या महार मुलीला मारायला निघाले होते. सावित्रीबाई मध्ये पडल्या, इंग्रजी कायद्याची भीती घातली, दोघांचे जीव वाचवले. तिसरं पत्र १८७७ चं, दुष्काळातलं, जुन्नरजवळच्या ओतूरहून. सत्यशोधक कार्यकर्ते पकडले गेले होते आणि बाई स्वतः कलेक्टरशी बोलल्या. हे सगळं नमस्कारापासून सुरू होणाऱ्या कागदावर.

मी ताईंना एवढंच म्हटलं, की वरची ओळ मी सांगते, खालचं तुमचं तुम्हीच लिहा. गजऱ्याचा दोरा बाजूला ठेवून त्यांनी लिहिलं. सव्वा पान झालं.

१८९० मध्ये जोतीराव गेले. त्यांच्यावर सावित्रीबाईंनी 'बावनकशी सुबोध रत्नाकर' रचलं. बावनकशी म्हणजे अस्सल सोनं, आणि यात रचनाही बावन्नच! याला श्लेष म्हणतात, शाळेत आपण घोकलेला. दुःखातही शब्दांशी त्यांचा हात असा सराईत होता.

१८९७ मध्ये पुण्यात प्लेग आला. दत्तक मुलगा यशवंत डॉक्टर. त्याच्या दवाखान्यात त्या रोग्यांची सेवा करत. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन दवाखान्यात आणलं. मुलगा वाचला. सावित्रीबाईंना मात्र लागण झाली आणि १० मार्चला त्या गेल्या.