मायकेलअँजेलो

मायकेलअँजेलो बुओनारोती (६ मार्च, १४७५ – १८ फेब्रुवारी, १५६४) हे इटलीतील प्रबोधनकालीन शिल्पकार, चित्रकार, वास्तुविशारद व कवी होते. त्यांचा जन्म काप्रेसे येथे, तर मृत्यू रोममध्ये झाला. पिएता (१४९८–९९) हे त्यांची स्वाक्षरी असलेले एकमेव शिल्प होय. डेव्हिडचा पुतळा (१५०१–०४) आणि सिस्टाइन चॅपेलच्या छतावरील भित्तिचित्रे (१५०८–१२) या त्यांच्या अन्य प्रमुख कृती आहेत.

संगणक विषाणूचे नाव

१९९१ मध्ये आढळलेला एक विषाणू ६ मार्च रोजी सुरू केलेल्या संगणकातील माहिती नष्ट करी. त्याच्या आज्ञावलीत मायकेलअँजेलोंचा उल्लेखही नव्हता. जन्मदिनाच्या योगायोगावरून संशोधकांनी त्यास हे नाव दिले. याउलट, १९९० मध्ये भारतात आढळलेला जोशी विषाणू ५ जानेवारीला जोशींना वाढदिवसाच्या शुभेच्छा टंकण्यास सांगे. त्याचे नाव त्या संदेशातूनच आले.